मोसंबीला काटे आले तेव्हा

सरकारी नोकरीत मी झाडांना उपाशी ठेवायला शिकवायचो. "तुम्ही नेमकं काय करायचे हो?" असं कुणी विचारलं की मी हे उत्तर देतो आणि समोरच्याचा चेहरा बघत बसतो. निवृत्त माणसाला एवढी करमणूक पुरते.

उत्तर खोटं नाही. एक्क्याऐंशी साली जालना हा वेगळा जिल्हा झाला आणि त्याच वर्षी मी कृषी खात्यात लागलो. पुढे जिल्ह्याची प्रगती होत गेली आणि माझ्या बदल्या. जाफराबाद, अंबड, घनसावंगी. काम मुख्यतः फळबागांचं, आणि आमच्याकडे फळबाग म्हणजे मोसंबी.

मोसंबीला लाड मानवत नाहीत. पाणी मिळत राहिलं की ती नुसती पानं वाढवत बसते. फुलं येतात ती आज इकडे दोन, उद्या तिकडे चार. व्यापाऱ्याला तर बाग एकदम आलेली हवी असते. म्हणून काही आठवडे पाणी तोडायचं. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, थोडी गळतात. झाडाला वाटतं, आता आपलं काही खरं नाही, निदान बी तरी मागे ठेवू. मग पाणी दिलं की सगळं झाड जिवाच्या आकांतानं फुलून येतं. याला आम्ही 'ताण देणं' म्हणतो. ताण तोडतानाही एकदम पाणी सोडायचं नाही. पहिलं पाणी हलकं, दुसरं जरा जास्त, मग पोटभर.

अडचण एवढीच, की ताण द्यायचा किती? कमी पडला तर फूल नाही, जास्त झाला तर झाडच नाही. मधे कुठेतरी थांबायचं. ते कुठेतरी जमिनीवर अवलंबून, झाडाच्या वयावर अवलंबून, गेल्या वर्षी झाडाला किती पिळलं त्यावर अवलंबून. माझी सगळी नोकरी या 'किती'च्या मागे गेली, आणि 'किती'ने मला कधी दाद दिली नाही.

जाफराबादला असताना तर मी या प्रश्नावर एक योजनाच काढली होती. गावोगाव हिंडायला एसटी आणि जीपच्या वेळा जुळत नसत. मी शेतकऱ्यांना सांगितलं, झाडाचं एक पान तोडा, पिशवीत घाला आणि कंडक्टरबरोबर पाठवा. पान बघून मी उलट निरोप देतो. योजना गाजली. रोज पानं यायला लागली. प्रत्येक पान बघून मला वाटे, बापरे, झाडाला फारच ताण झालाय. प्रत्येकाला मी निरोप दिला, "ताण पुरे, पाणी सोडा." त्या हंगामात त्या भागात मोसंबी काही धड फुलली नाही. शेवटी एक शेतकरी स्वतःच कचेरीत आला.

"साहेब, मी पान तोडलं तवा चांगलं टवटवीत व्हतं."

"मग?"

"मंग काय? तुमच्यापर्यंत येऊस्तोवर एसटीत त्यालाच ताण बसला! झाड तिकडं मजेत हाय. मी परवा मुद्दाम घरच्या जास्वंदीचं पान पाठवलं, तर तुमचा निरोप आला, ताण पुरे, पाणी सोडा."

पिशवी न उघडताच निरोप द्यायची सवय मला तोवर लागली होती. योजना बंद केली. वरिष्ठांना कळवलं, 'शेतकऱ्यांचा प्रतिसाद पाहता योजनेची आवश्यकता उरलेली नाही.'

आता ज्यासाठी हे सगळं सांगतोय, तिकडे येतो.

दोन हजार साल उलटल्यानंतरची ती वर्षं. मी घनसावंगीला. पावसानं ओळीनं हात आखडता घेतला. शहागडच्या पुलाखाली, गोदावरीच्या पात्रात, ट्रकवाले सावलीला बसून स्टोव्हवर भाजी परतायचे. मोसंबीला ताण द्या म्हणून सांगायची गरजच उरली नव्हती. ताण वरूनच दिला जात होता, आणि तो तोडायला कुणाच्या हातात पाणी नव्हतं. लोक बागा तोडायला लागले होते.

आसाराम तात्यांची बाग मी माझ्या उमेदीच्या दिवसांत त्यांच्याबरोबर उभं राहून लावली होती. तात्या पासष्टी ओलांडलेले, कमी बोलणारे. त्यांच्या पत्नी कौसाबाई, त्यांच्या वाट्याचंही बोलणाऱ्या. मुलगा जालन्याला कारखान्यात. त्याचं म्हणणं, बाग काढून टाका आणि माझ्याकडे येऊन राहा.

मी गेलो तेव्हा तात्या ओसरीवर बसले होते. माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि म्हणाले, "लाकूडवाल्याला सांगून ठेवलंय, साहेब. सोमवारी येतो म्हणला करवत घेऊन."

"सगळी बाग?"

"मंग काय करू? बोअर दोन घागरी ओकतो अन् दम खातो. पाव्हण्याला पाजू का झाडाला?"

आतून कौसाबाईंचा आवाज आला, "झाडाला पाजा. पाव्हणा काय फळ देतो?"

मी तोंडाला लावलेला तांब्या खाली ठेवला.

"तुम्हाला न्हाई म्हणलं, साहेब," कौसाबाई बाहेर येत म्हणाल्या. "प्या. उष्टं झालंच हाय."

तात्यांनी तांब्या पुन्हा माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "एकच काम करा. रविवारी तुमचे शास्त्रज्ञ लोक येऊन राह्यले ना मेळाव्याला? त्यायला विचारून सांगा, झाड परत येतं का न्हाई. येत असलं तर करवत माघारी धाडतो. न्हाई तर उगा आशा दावू नका. नवी बाग लावून तिचं फळ खायला मी थोडाच बसलोय?"

तात्यांच्याच गावात भरणाऱ्या त्या रविवारच्या मेळाव्याचा विषय होता 'बदलतं हवामान'. वक्ते दोन. एक आमचे थोरले सर, हवामानाचा अभ्यास करण्यात केस पांढरे झालेले. दुसऱ्या मॅडम, पुण्याच्या, वयानं सरांच्या मुलीएवढ्या आणि एके काळी सरांच्याच विद्यार्थिनी. जालन्याहून जीपमध्ये मागच्या बाकावर मी दोघांच्या मधे बसलो. अंबड यायच्या आत माझी मान दुखायला लागली, कारण दोघं माझ्या आरपार भांडत होते.

मॅडम म्हणत होत्या, "सर, हवामानात काही ठिकाणी कडा आहेत. ऊब हळूहळू वाढते, वरून काही दिसत नाही, आणि एका टप्प्यानंतर गोष्ट आपली आपण घरंगळत जाते. बर्फ पांढरा, तो ऊन परत पाठवतो. बर्फ वितळला की खालचं काळं पाणी तेच ऊन पितं, आणखी तापतं, आणखी बर्फ वितळवतं. मग तुम्ही हात आवरला तरी ते थांबेलच असं नाही." याला त्या 'टिपिंग पॉइंट' म्हणत होत्या.

सर म्हणाले, "समुद्रावरचा बर्फ थंडी परतली तर पुन्हा धरेल, असं मानणारेही पुष्कळ आहेत. जमिनीवरच्या बर्फाच्या डोंगरांचं वेगळं, ते मी मान्य करतो. पण सगळ्या पृथ्वीला मिळून एकच कडा आहे, हे मला पटत नाही. बऱ्याच ठिकाणी उतार आहे. जितकं खाली जाल तितकं वाईट, जितकं लवकर थांबाल तितकं बरं. तू कडा म्हणालीस की लोक दोनच प्रश्न विचारतात. अजून लांब आहे ना? नाहीतर, गेलीच ना? दोन्हीचं उत्तर मिळालं की माणूस हातावर हात ठेवून बसतो."

"आणि तुम्ही उतार म्हणालात की लोक म्हणतात, मग अजून थोडं उतरू!"

"हे मी तुला शिकवलं नव्हतं."

"तुम्हीच शिकवलंत, सर. तुमच्या लक्षात नाही."

मी मधेच म्हणालो, "काळजी करू नका. लोकांना समजेल असं प्रात्यक्षिक मी तयार ठेवलंय." दोघंही एकदम गप्प झाले. ती शांतता मी कौतुकाची समजलो.

प्रात्यक्षिक असं होतं. टेबलावर चुंबळ, चुंबळीवर पितळी कळशी. कळशी थोडी कलती करून सोडली की ती परत सरळ होते. आणखी कलती केली, तरी परत सरळ. एका टप्प्यानंतर मात्र ती परत येत नाही, पडते. तो टप्पा मी घरी पुन्हा पुन्हा करून हातात बसवला होता. पडायच्या ऐन आधी कळशी धरायची आणि टाळ्या घ्यायच्या, असा बेत. कळशी गावातूनच घ्यायची म्हणून मी कौसाबाईंना निरोप पाठवला होता, 'एक कळशी टेबलावर ठेवा.'

आता, आमच्याकडे पाहुण्यांसमोर रिकामी कळशी कुणी ठेवत नाही. अपशकुन मानतात. कौसाबाईंनी त्या टंचाईत, घरच्या पाण्यातून, ती अर्धी भरून ठेवली. मी माईक हातात घेऊन कळशीला हात घातला तेव्हा ती जड लागली. मला वाटलं, गावाकडचं पितळ दणकट.

"मंडळी, इथपर्यंत कलली, तर परत येते. अजून जरा कलली, तरी..."

आतलं पाणी एका बाजूला धावलं. घरचा माझा टप्पा यायच्या कितीतरी आधी कळशी माझ्या हातातून गेली. पाणी सरांच्या मांडीवर, तिथून माईकच्या वायरवर. माईकनं एक किंकाळी फोडली आणि प्राण सोडला.

कुणी हसलं नाही. सगळा मेळावा मातीत जिरणाऱ्या पाण्याकडे बघत होता. जमिनीनं मला पोटात घ्यावं असं वाटलं, पण तिचं सगळं लक्ष पाण्याकडे होतं.

मागून कुणीतरी म्हणालं, "साहेबाच्या घरी टँकर थेट मोरीत येत असंल!"

कौसाबाई पुढे आल्या, कळशी उचलली आणि आत डोकावून बघत म्हणाल्या, "रिकामी ठेवावी तर अपशकुन म्हणून भरली. तुम्ही तर पार वतूनच देली!"

तेवढ्यात मॅडम उठल्या. माईकशिवाय त्यांचा आवाज शेवटच्या ओळीपर्यंत गेला. "मला हेच सांगायचं होतं! साहेबांना कडा माहीत होती, पण ती रिकाम्या कळशीची. आत काय भरलंय त्यावर कडा सरकते. म्हणून ती नेमकी कुठे आहे ते आधी कळत नाही, आणि म्हणून तिच्या जवळ जायचं नाही."

सर पॅन्ट पिळत उभे राहिले. "आणि पडायच्या आधी काठावरून पाणी डुचमळून सांडलं, ते कुणी पाहिलं? तो इशारा होता. तिथे हात आवरता आला असता."

"हात कुणाचा होता पण?" कौसाबाईंनी विचारलं.

"तुमच्या साहेबाचा," दोघं शास्त्रज्ञ एका सुरात म्हणाले. त्या दिवशीचं हे त्यांचं पहिलं एकमत. मग मात्र लोक हसले, आणि मी जिवंत राहिलो.

हसणं थांबल्यावर तात्या उठले. "ते बर्फाचं बराबर हाय, सर. पण माझी बाग गेली का राह्यली, तेवढं सांगा. उद्या करवत येऊन राह्यली."

भाषणं तिथेच संपली. आम्ही सगळे बागेत गेलो.

झाड जिवंत आहे का, हे बघायची आमची रीत साधी. फांदीची साल नखानं खरवडायची. आत हिरवं दिसलं तर जीव आहे, तपकिरी दिसलं तर नाही. सर एका ओळीनं निघाले, मॅडम दुसऱ्या, तात्या मधून. विहिरीकडची झाडं बहुतेक हिरवी निघाली. मुरमाड टेकाडावरची बहुतेक तपकिरी. भांडण लागलं ते नाल्याकडेच्या ओळीवर. तिथे शेंड्याला तपकिरी, खाली बुंध्याशी कुठे कुठे हिरवट.

सर म्हणाले, "ही येतील. हळूहळू पाणी द्या."

मॅडम म्हणाल्या, "मला नाही वाटत. यांची वेळ गेली. आहे ते पाणी ज्यांना राखता येईल त्यांनाच द्यावं."

तात्या एकदा यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होते. त्यांच्या तोंडावरचा रंग उतरत चाललेला मला दिसला. उद्या करवत येणार, आणि शहाणी माणसं उतार की कडा यावर अडलेली. मी म्हणालो, "खरं कोण, ते राहू द्या. उद्या सकाळी तात्यांनी काय करायचं, ते दोघांनी वेगवेगळं सांगा."

दोघांनी वेगवेगळं सांगितलं, आणि ते जवळपास एकच निघालं. टेकाडावरची वाळलेली झाडं काढा. हिरव्या झाडांच्या फांद्या आखूड करा, म्हणजे तहान कमी होईल. बुंध्याभोवती उसाच्या पाचटाचा जाड थर घाला, म्हणजे दिलेला ओलावा उडून जाणार नाही. बोअरचं पाणी तेवढ्यांनाच. आणि आजच. जीपमध्ये इतका वेळ भांडलेल्या दोन माणसांचं 'आजच' या शब्दावर मात्र काडीचं दुमत नव्हतं.

"अन् नाल्याकडची ओळ?" तात्यांनी विचारलं.

दोघं पुन्हा तोंड उघडणार, तेवढ्यात तात्याच म्हणाले, "त्यायला मारत बी न्हाई अन् पाजत बी न्हाई. बघू."

सोमवारी लाकूडवाला आला. हिरव्या झाडांच्या नुसत्या फांद्या आखूड करायच्या म्हटल्यावर तो खवळला. "मला झाडं तोडाया बोलावलं का त्यायचे केस कापाया?" टेकाडावरची वाळलेली झाडं देऊन त्याची समजूत घातली. पाचट आणायला मुलगाही जालन्याहून आला. बापाला समजावायला म्हणून आला आणि दिवसभर भारे वाहून गेला.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. विहिरीकडची झाडं पालवली. आणि मग नाल्याकडची ओळही फुटली! बुंध्याशी चांगले जोमदार, हिरवेगार धुमारे. मी तात्यांना म्हणालो, "आली! पाजा आता पोटभर." तात्या हंगामभर त्या ओळीला पाणी देत राहिले. हंगाम सरता सरता मी एसटीडी बूथवर जाऊन सरांना फोन लावला. सर इतके खूश झाले की त्यांनी माझ्या कळशीलाही माफ केलं. मग मॅडमना लावला.

"मॅडम, तुमची कडा खोटी निघाली. गेलेली ओळ परत आली!"

"अरे वा. धुमारे कुठून फुटलेत?"

"बुंध्यातून."

"जोडाच्या वर की खाली?"

मी म्हणालो, "हॅलो? हॅलो? लाइन खराब आहे," आणि फोन ठेवला. लाइन उत्तम होती.

बाहेरच्या माणसाला हा जोड सांगायला हवा. मोसंबी स्वतःच्या मुळावर उभी नसते. मूळ असतं जंबेरीचं, म्हणजे एका काटक, काटेरी, आंबटढाण लिंबाचं. त्याच्या रोपट्यावर मोसंबीच्या काडीवरचा डोळा, म्हणजे कोंब, बांधतात. जोडाच्या वर मोसंबी, खाली जंबेरी. हे मी स्वतः शेकडो शेतकऱ्यांना शिकवलेलं. आणि आनंदाच्या भरात तो जोड बघायला मीच वाकलो नव्हतो.

घाईनं बागेत गेलो तर कौसाबाई हात चोळत उभ्या. दंडावर ओरखडे.

"साहेब, ह्या मोसंबीला काटे कुठून आले हो?" त्यांनी एक पान चुरगळून माझ्या नाकापाशी धरलं. लिंबाचा वास.

तात्यांनी शांतपणे विचारलं, "म्हंजे हंगामभर मी लिंबाला पाणी पाजलं?"

"जंबेरीला," मी बारीक आवाजात दुरुस्ती केली.

"साहेबाला नाव बराबर माहीत हाय," कौसाबाई म्हणाल्या. "फक्त जल्दी आठवत न्हाई."

सर आणि मॅडम दोघंही बघायला आले. मॅडमनी जिंकल्याचा आव आणला नाही. त्या त्या काटेरी फांद्यांकडे बघत म्हणाल्या, "झाड मेलं नाही, पण जे गेलं ते आपण होऊन परत आलं नाही. मला हीच भीती वाटते, सर. पृथ्वी कुठे जात नाही. ती राहीलच. पण आपल्याला हवी तशी राहील का?"

सर म्हणाले, "मूळ जिवंत आहे. एवढं सशक्त मूळ समोर असताना तू शोकसभा कसली भरवतेस?"

आणि नोकरीत बहुधा पहिल्यांदाच, योग्य गोष्ट योग्य वेळी मला सुचली. मी म्हणालो, "थंडीत डोळे बांधू. या धुमाऱ्यांवरच."

तशी ती नवलाची गोष्ट नव्हती. पण डोळे बांधायला मोसंबीच्या निरोगी काड्या लागतात, आणि तेव्हा आसपासच्या कितीतरी बागा तुटल्या होत्या. काड्या होत्या तात्यांच्याच विहिरीकडच्या झाडांवर. त्या रविवारी 'आजच' म्हणून जी राखली, तीच आता गेलेल्यांना परत आणायला उपयोगी पडत होती. सर म्हणाले, "बघ, उतार चढता येतो." मॅडम म्हणाल्या, "येतो, कुणी हात धरून चढवलं तर." मी दोघांनाही चहा दिला.

थंडीत डोळे बांधले. मी हौसेनं बांधलेल्यांपैकी बरेच वाळले. एक तर मी उलटा बांधला. तो डोळा आधी जमिनीकडे वाढला, मग चूक लक्षात आल्यासारखा वळला आणि वर आला. त्याला सगळे 'साहेबाचं झाड' म्हणतात. तात्यांनी आणि त्यांच्या मुलानं बांधलेले मात्र चांगले धरले. मुलगा आता दर सुटीला यायला लागला होता.

काही वर्षांनी त्या ओळीला पहिली फुलं आली. निरोप मिळाला आणि मी गेलो, पण पाय जड होते. कारण आमच्या शास्त्रात पहिली फुलं झाडावर ठेवत नाहीत, खुडून टाकतात. झाडानं आधी अंग धरावं, फळाचं पुढे बघता येतं. एरवी मी हे तोंडपाठ सांगितलं असतं. पण तात्यांचं वय बघता, आलेलं फूल खुडा असं त्यांना कोणत्या तोंडानं सांगायचं? मी ठरवलं, या वेळी शास्त्र विसरायचं. विसरण्याची मला सवय होतीच.

बागेत पोचलो तर तात्या झाडाखाली बसून, एकेक डहाळी वाकवून फुलं खुडत होते. बाजूला पांढरा ढीग, आणि सगळ्या ओळीला वास. कौसाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या.

"अहो, एक तरी राहू द्या! वय काय आपलं? खायचं कधी?"

"झाडाचं वय बघ," तात्या मान वर न करता म्हणाले. "त्याला अजून लई दिवस काढायचेत."

मग त्यांना मी दिसलो.

"साहेब, बघत काय राह्यले? या. पलीकडून धरा."

मी चपला काढल्या आणि पलीकडच्या झाडापासून सुरुवात केली.